पवनेला टेंट, लाइट नाही: चिकन, दूध, पनीर दोन दिवस गार कसं ठेवायचं

कॅम्पिंगला जाताना टेंट, मॅट, टॉर्च, स्पीकर सगळं आठवणीने घेतलं जातं आणि खाण्याचं काय तर वाटेत बर्फ घेऊ, बॉक्समध्ये टाकू, झालं. मग शनिवारी दुपारी पवना धरणाच्या काठाला पोचेपर्यंत निम्म्या बर्फाचं पाणी झालेलं असतं, चिकनची पिशवी त्यात तरंगत असते आणि रात्री कोळसा पेटेपर्यंत कुणीतरी पिशवीला नाक लावून "चालेल रे" म्हणून मोकळं होतं. (वासावरून काही कळत नाही, ते पुढे सांगतो.) बॉक्स म्हणजे फ्रीज नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. तो गारवा तयार करत नाही, घरच्या फ्रीजरमधून जेवढा भरून न्याल तेवढाच असतो आणि निघाल्यापासून तो फक्त कमी होत जातो. त्यामुळे खरं काम दोन-तीन दिवस आधी घरीच असतं, तिकडे जाऊन फारसं काही करता येत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गार ठेवायला लागेल असं सामानच कमी न्या. आपल्याकडे प्रवासाचं खाणं फ्रीज यायच्या आधीपासून आहे, त्याचा फायदा घ्या ना. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडा लसूण ठेचा, लोणचं, मेतकूट, तूप, गूळ, चिवडा, यातल्या कशालाच बर्फ लागत नाही. पिठलं करायला बेसन आणि कांदा, खिचडीला डाळ-तांदूळ, ह्यालाही नाही. दूध न्यायचं तर पिशवीचं न नेता टेट्रापॅकचं न्या, ते फोडेपर्यंत बाहेर ठेवलं तरी चालतं, आणि लिटरच्या एका पॅकपेक्षा २०० मिलीचे छोटे पॅक घ्या म्हणजे एका चहाला एक फुटतो आणि उरत नाही. नुसता चहाच करायचा असेल तर दूध पावडर, विषय संपला. अंडी दुकानात बाहेरच ठेवलेली असतात, ती तशीच आणून सावलीत ठेवली की दोन-तीन दिवस आरामात जातात, फक्त घरच्या फ्रीजमधली गार अंडी काढून नेऊ नका, बाहेर आल्यावर त्यांना घाम फुटतो आणि त्या ओलाव्याबरोबर टरफलावरचे जंतू आत जायला वाव मिळतो. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र अजिबात नको, ती उन्हाळ्यात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, घरचं अंडं घातलेलं मेयोनीजही नको.

एवढं वगळलं की बॉक्समध्ये खरं जायला लागतं ते चिकन-मटण-मासे, पनीर, चीज, दही आणि असलंच तर श्रीखंड. एवढ्यासाठी चार जणांना २५ लिटरचा बॉक्स पुरतो.

आता फ्रीजिंग. सुट्टा बर्फ घेण्यापेक्षा पाण्याच्या लिटर-दोन लिटरच्या बाटल्या गोठवा. बर्फाचा गोळा जेवढा मोठा तेवढं वजनाच्या मानाने त्याचं बाहेरचं अंग कमी, म्हणून तो हळू वितळतो, चुरा किंवा ट्रेचे क्यूब्ज पटकन जातात. शिवाय बाटलीतलं पाणी बाटलीतच राहतं, डबे भिजत नाहीत आणि वितळलं की तेच पाणी प्यायला होतं. बाटली काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, वर तीन-चार बोटं जागा सोडा नाहीतर फुटते. आणि घरच्या फ्रीजरमध्ये सात-आठ बाटल्या एकदम कोंबल्या तर त्या एका रात्रीत गोठत नाहीत हे लक्षात ठेवा, बाहेरून कडक वाटतात आणि मधे पाणीच असतं. शनिवारी निघायचं असेल तर मंगळवार-बुधवारपासून दोन-तीन करत टाकायला लागा. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते ते सगळ्यांना माहितीये, तर गुरुवारी नवीन बाटल्या टाकू नका आणि लाइट नसताना फ्रीजर उघडून "झालं का" बघत बसू नका.

चिकन मॅरिनेट करून तेच गोठवायचं. दही, आलं-लसूण, तिखट, मीठ सगळं लावून झिपच्या पिशवीत भरायचं, हवा काढायची, पिशवी आडवी ठेवून चपटी करायची, एक-दीड इंच जाडीची. चपटी पिशवी नीट गोठते, बॉक्सच्या तळाशी नीट बसते आणि वितळेपर्यंत स्वतःच बर्फाचं काम करते. एकावर एक दोन पिशव्या घाला, गळली की मॅरिनेशनचं लाल पाणी सगळ्या बॉक्सभर होतं. शनिवारी रात्री बार्बेक्यूच्या वेळेपर्यंत ते आपसूक सैल झालेलं असतं. पनीरही मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून डब्यात फ्रीजमध्ये कडक गार करा, पण गोठवू नका, गोठवलेलं पनीर भुसभुशीत होतं आणि सळईवरून सुटून पडतं.

बॉक्स कोणता घ्यायचा यावर लोक फार वाद घालतात. मिल्टन, सेलोचे प्लास्टिकचे आइसबॉक्स चांगलेच आहेत, घरात असेल तर तोच न्या. नसेल तर रविवार पेठेत बोहरी आळीकडे चक्कर मारा, पॅकिंगच्या दुकानांत थर्मोकोलचा बॉक्स विचारा, फक्त जाड बघून घ्या. थर्मोकोल म्हणजे जवळजवळ सगळी अडकलेली हवाच आणि ती उष्णता सहज जाऊ देत नाही. जाडी दुप्पट केली की आत येणारी उष्णता साधारण निम्मी होते, म्हणून इंचभर भिंतीचा आणि दोन इंची भिंतीचा बॉक्स यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, बाहेरून दिसायला सारखेच दिसले तरी. मासळीवाल्याकडचा जुना बॉक्स फुकट मिळाला तरी घेऊ नका, तो वास कशानेही जात नाही, श्रीखंड सुरमईचं लागतं.

किती बर्फ न्यायचा? याचा अंदाज हिशोबाने येतो. २५ लिटरचा इंचभर जाडीचा थर्मोकोल बॉक्स, बाहेर सरासरी ३० डिग्री धरली, तर भिंतींमधून येणाऱ्या उष्णतेनेच दिवसाला पाच-सहा किलो बर्फ वितळतो. हो, एवढा. त्यात झाकण उघडणं वेगळं. म्हणजे शनिवारी सकाळी भरून रविवारी दुपारपर्यंत गार राहायला हवा तर सहा-सात लिटर बाटल्या आणि वर गोठलेलं चिकन हे कमीत कमी झालं, तीन बाटल्यांत भागवू म्हणाल तर रात्रीच सगळं कोमट. आता यावर घरचाच उपाय आहे, गोधडी. बॉक्सभोवती जुनी जाड गोधडी नीट गुंडाळा, झाकणावरून सुद्धा, म्हणजे भिंतीची जाडी वाढल्यासारखंच होतं आणि बर्फ पुष्कळ जास्त वेळ टिकतो. "गोधडीने गरम होईल ना" हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण विचारतोच. गोधडी स्वतः गरम करत नाही, ती उष्णता अडवते, मग ती आतली असो की बाहेरची. बर्फाच्या लाद्या भुशात आणि तरटात गुंडाळून ठेवायचे ते ह्याचसाठी.

लादीचा बर्फ विकत घेणार असाल तर एक बघा. महाराष्ट्रात एफडीएने (अन्न व औषध प्रशासन) २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायला सांगितलंय. तो निळसर बर्फ डब्याबाहेर गारव्यासाठी ठीक, पण सरबतात टाकायचा नाही, आणि रंग दिसत नसला तरी लादीचा बर्फ ग्लासात नकोच, फॅक्टरीच्या फरशीवरून टेम्पोत आणि टेम्पोतून रस्त्यावर असा त्याचा प्रवास असतो. प्यायला आपल्या बाटल्या.

बॉक्स भरण्याआधी बॉक्सच गार करा. आदल्या रात्री एक-दोन गोठलेल्या बाटल्या टाकून झाकण लावून ठेवून द्या आणि सकाळी त्या काढून नवीन भरा. बाल्कनीत तापलेल्या बॉक्समध्ये डायरेक्ट भरलं तर पहिला बर्फ बॉक्स गार करण्यातच खर्च होतो. आत जाणारी प्रत्येक वस्तूही रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली पाहिजे. गरम कोल्ड्रिंक वाटेत घेऊन आत टाकणं हा सगळ्यात मोठा घात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो, आणि एक लिटर कोल्ड्रिंक ३० डिग्रीवरून ५ वर आणायला २५ हजार कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या वर बर्फ गेला. सहा लिटर गरम बाटल्या टाकल्या तर जवळजवळ दोन किलो बर्फ गायब. म्हणून प्यायच्या गोष्टींचा बॉक्स वेगळा, साधा कसलाही चालेल, तो दिवसभर उघड-बंद होऊ दे. खाण्याचा बॉक्स जेवण करतानाच उघडायचा, आणि त्याची जबाबदारी एकाच माणसावर द्या, शक्यतो खडूस माणसावर.

भरताना तळाला बाटल्या आडव्या, त्यावर गोठलेलं चिकन, त्याच्या वर पनीर, दही, चीज आणि सगळ्यात वर एक-दोन बाटल्या, कारण गार हवा खाली उतरते. कच्चं मांस कायम खाली, ते गळलं तर दह्यावर गळायला नको. जे आधी लागणार ते वर. मधल्या रिकाम्या जागा चुरगाळलेल्या पेपरने किंवा नॅपकिनने भरून टाका, आत मोकळी हवा राहिली की झाकण उघडल्यावर तीच बाहेर पडून गरम हवा आत येते. सुट्टा बर्फ वापरला असेल तर वितळलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका, बर्फ आहे तोवर ते पाणी शून्याच्या आसपासच असतं आणि डब्यांना चहूबाजूंनी गार ठेवतं, फक्त डबे पक्के बंद हवेत. नवीन बर्फ मिळाला की मग ओता. आणि बर्फावर मीठ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मिठाने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं खरं, पण बर्फ भराभर वितळतो, ते पॉट आइस्क्रीमसाठी ठीक आहे, इथे आपल्याला बर्फ टिकवायचाय.

प्रवासात बॉक्स डिकीत न ठेवता एसी असलेल्या सीटजवळ ठेवा, आणि कामशेतला मिसळ खायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. पोचल्यावर टेंटमध्ये बॉक्स ठेवायचा नाही, दुपारी टेंट म्हणजे भट्टीच. झाडाखाली, दोन दगडांवर किंवा पाटावर जमिनीपासून उचलून ठेवा, सावली सरकते हे लक्षात ठेवून दुपारी एकदा जागा बदला. झाकणावर दगड किंवा पट्टा हवाच, पवनेच्या काठाला रात्री कुत्री फिरतात आणि त्यांना बॉक्स उघडता येतो.

माठाचं काय? माठ, ओलं तरट, वाळूचं मडकं हे सगळं खरंच काम करतं, पण कुठे आणि किती ते समजून घ्या. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं आणि मागे राहिलेलं गार होतं, हवा जितकी कोरडी तितकं जास्त. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८ डिग्री आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ओलं फडकं गुंडाळलेली वस्तू वारा लागला की २१-२२ डिग्रीपर्यंत उतरू शकते. हे भारीच आहे, पण २१ म्हणजे ५ नव्हे. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, कलिंगड, बटर, चॉकलेट, प्यायचं पाणी यांना एकदम मस्त, चिकन आणि पनीरला बिलकुल नाही.

मडक्याचा फ्रीज करायचा असेल तर कसबा पेठेत कुंभारवाड्यात जाऊन दोन मडकी घ्या, एक मोठं, एक त्यात बसून चहूबाजूंनी दोन बोटं फट राहील असं. रंगवलेलं किंवा चकचकीत नको, त्यातून पाणी झिरपत नाही. दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून घ्या. मोठ्याच्या तळाला बारीक वाळूचा थर, त्यावर लहान मडकं, मधली फट वाळूने भरायची आणि वाळू चिंब ओली होईपर्यंत पाणी घालायचं. आत भाजी, वर ओला पंचा दुमडून. सावलीत पण वारा लागेल अशा जागी, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी हीच मडकी गावोगाव पोचवली आणि त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला, तिकडे त्यात भाज्या कित्येक दिवस टिकायला लागल्या. एका रात्रीच्या कॅम्पिंगला एवढं वजन न्यायची गरज नाही खरं सांगायचं तर, पण शेतावर किंवा फार्महाऊसवर चार-पाच दिवस राहणार असाल तर जरूर करा.

गोधडी आणि ओलं तरट दोन्ही एकदम नाही हं. गोधडी ओली झाली की तिच्यातली हवा जाते आणि ती काही अडवत नाही. गोधडी कोरडीच ठेवायची, आणि दुपारी तरट वापरायचं असेल तर बॉक्सच्या वर दोन काठ्यांवर मांडव केल्यासारखं टांगायचं, अंगाला चिकटवायचं नाही.

पावसाळ्यात माठ-तरट विसरा. जुलैमध्ये मुळशी-ताम्हिणीकडे हवाच पाण्याने भरलेली असते, वाफ होणार कुठून. बाहेर तापमान कमी असल्यामुळे बर्फ मात्र जास्त टिकतो, एवढाच फायदा. ओढ्यात बाटल्या बांधून ठेवणं छान वाटतं, कोल्ड्रिंक आणि कलिंगडापुरतं ठीक, पण आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्याचं पाणी बर्फासारखं नसतं आणि वर कुठे पाऊस झाला की ओढा बघता बघता वाढतो, एका बाटलीमागे कुणी पाण्यात उतरू नका. धरणाच्या काठाचं उथळ पाणी तर उन्हाने कोमटच असतं. हिवाळ्यात रात्री थंडी पडते म्हणून चिकन बाहेर ठेवायचं डोक्यात येतं, पण पुण्याकडची १० डिग्रीची रात्रही ५ च्या वरच आहे.

हा ५ चा आकडा का सांगतोय सारखा? कारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू वेगाने वाढतात. त्यांना आवडणाऱ्या तापमानात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे सात तासांत वीस लाखांवर. बॉक्समध्ये बर्फ शिल्लक आहे आणि वस्तू त्याला चिकटून आहे तोवर बिनधास्त. बर्फ संपला की घड्याळ लावायचं, नाशिवंत वस्तू दोन तासांत संपवायची, आणि बाहेर ३२ डिग्रीच्या वर असेल तर एका तासात. फ्रीज थर्मामीटर मिळतो, तो आत टाकून ठेवा म्हणजे भांडणं होत नाहीत. वासावर का जायचं नाही तर आजारी पाडणाऱ्या कित्येक जंतूंनी वास किंवा चव बदलतच नाही, आंबूस वास येणारे बहुतेक वेगळेच असतात. आणि "उकळलं की सगळं मरतं" हेही अर्धवट खरं आहे, जंतू मरतात पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. उरलेल्या भाताचं हेच होतं, रात्रीचा भात पातेल्यात तसाच ठेवून सकाळी फोडणीचा करायचा बेत घरी ठीक असेल, कॅम्पवर बर्फात न ठेवलेला असेल तर करू नका. भात मोजून लावा.

पाठीवर सॅक घेऊन जाणाऱ्यांना बॉक्स वगैरे जमत नाही. त्यांनी रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्यावा, रात्री त्यात बर्फाचं पाणी भरून ठेवावं, सकाळी ते ओतून फ्रीजमधलं गार पनीर किंवा दही भरावं, दुपारच्या जेवणापर्यंत छान राहतं. एक लिटरची गोठलेली बाटली पेपरमध्ये आणि मग टॉवेलमध्ये गुंडाळून सॅकच्या मधोमध, कपड्यांच्या आत ठेवली तर तीही बराच वेळ टिकते, त्याला टेकवून चीजचं पॅकेट ठेवा. ग्रुपमध्ये कुणाचं इन्सुलिन असेल तर ते बर्फाला टेकवून कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेलं पेन ओल्या रुमालाच्या पिशवीत सावलीत पुरेसं गार राहतं, तरी पॅकवर किती डिग्री लिहिलंय ते निघायच्या आधी वाचून घ्या.

ड्राय आइस आणायची हुक्की एखाद्याला येतेच. तो उणे ७८ डिग्रीचा असतो, हाताची कातडी भाजते, आणि तो वितळून पाणी न होता कार्बन डायऑक्साइड गॅस होतो, म्हणजे घट्ट बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो आणि काचा वर करून गाडीत नेला किंवा टेंटमध्ये घेऊन झोपलात तर गुदमरायला होतं. दोन दिवसांच्या चिकनसाठी हे उद्योग कशाला.

रविवारी परत येताना उरलेलं चिकन "घरी जाऊन फ्रीजमध्ये टाकू" असं होतं, त्यातच एक्सप्रेसवेचं ट्रॅफिक लागलं तर मधे तीन तास जातात आणि बॉक्समध्ये तोवर नुसतं पाणी असतं. निघताना बर्फ शिल्लक दिसला तरच न्या, नाहीतर तिकडेच शिजवून संपवा, आणि तेही होत नसेल तर पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यात टाका, काठावर फेकू नका. बॉक्स त्याच रात्री खायचा सोडा आणि कोमट पाण्याने धुवून झाकण उघडं ठेवून वाळवा, ओला बंद केला तर पुढच्या वेळी उघडताना नाक धरावं लागेल.